फणीआडचा टॅब

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. भिवंडीत धामणकर नाक्यावर मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवायचं म्हणजे तो लागतोच. गिऱ्हाईक काउंटरवर मोबाईल ठेवतं, माझ्या डोक्यावरून मागे बघतं आणि विचारतं, "मॅडम, सर नहीं हैं क्या?" मी म्हणते, "सर मैं ही हूँ, बोलो." मग ते बिचारं मोबाईल माझ्याकडे सरकवतं. दुकानात हा राग कामाला येतो. घरी त्यानं काय केलं, ते सांगायला बसलेय.

माझ्या लेकीचा डावा डोळा आळशी आहे. 'आळशी डोळा' हा शब्द डॉक्टरीणबाईंचा, माझा नाही. शाळेत डोळे तपासायला माणसं आली होती, त्यांनी चिठ्ठी दिली म्हणून मी तिला घेऊन गेले. बाई म्हणाल्या, डोळा तसा ठीक आहे, पण तो जे सांगतो ते मेंदू मनावर घेत नाही. सगळं काम उजव्यावरच चाललंय. मग त्यांनी एक जाड पुस्तक काढलं, तिला एक वेगळा चष्मा घातला आणि विचारलं, "या चार गोलांतला कुठला वर उचललेला दिसतो?" पोरीनं एकदा याला बोट लावलं, एकदा त्याला, मग माझ्याकडे बघितलं. तिला चारही सपाट दिसत होते.

तेव्हा ती साडेसहा वर्षांची होती. पाणी ओततानाची धार पेल्याच्या बाहेर का जाते, चेंडू झेलताना हात आधीच का मिटतो, जिना उतरताना ती पायानं पायरी का चाचपते, हे सगळं मला त्या खुर्चीत बसून कळलं. आणि मी तिला आजवर 'धांदरट' म्हणत होते! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईंनी नंबरचा चष्मा दिला आणि म्हणाल्या, चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावा, म्हणजे आळशी डोळ्याला काम करावंच लागेल. दोन्ही डोळे मिळून बघायला शिकले तर खोली, म्हणजे काय पुढे आणि काय मागे, ते दिसेल, पण जेवढं वय वाढेल तेवढं ते अवघड होत जातं. म्हणजे घड्याळ चालू झालं होतं.

पट्टीवरून आमच्या घरी रोज महाभारत. मी पट्टी लावायची, तिनं ओढून काढायची. मी ओरडायची, तिनं रडायचं, आणि ओल्या गालावर पट्टीचा डिंक चिकटत नाही. मी दुसरी पट्टी काढायची, पुन्हा ओरडायची. माझे बाबा आमच्याकडेच राहतात. आई गेल्यावर ते अंबाडीच्या पुढच्या आमच्या गावात एकटे पडले, तेव्हा नवऱ्यानंच त्यांना इकडे आणलं. ते कोपऱ्यात बसून हे सगळं बघायचे. एकदा म्हणाले, "गे बाय, तू त्या डोळ्याला दमात घेतेस का पोरीला?" मी म्हटलं, "बाबा, तुम्ही यात पडू नका."

डॉक्टरीणबाईंकडे एक खेळ होता, लाल-निळ्या काचांचा चष्मा घालून बघायचा. तसला चष्मा मी घरी आणला. पोरीनं तो एकदा लावला आणि थेट पंख्याकडे भिरकावला. "आधीच एक चष्मा," ती रडत म्हणाली, "त्याच्यावर पट्टी, आता हा आणखी एक. सगळं माझ्याच तोंडाला लावता!" मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. तिचं खरंच होतं. मग मी ठरवलं, आता तिच्या तोंडाला काहीही लावायचं नाही. जे काय असेल ते समोर ठेवायचं.

चष्म्याशिवाय खोली दाखवणारे पडदे असतात हे मला धंद्यामुळे ऐकून माहीत होतं. दुकानात गिऱ्हाईक नसताना मी त्याचे व्हिडिओ बघायला लागले. एका माणसानं घरच्या घरी तसला पडदा केला होता. साध्या टॅबसमोर बारीक काळ्या रेघांची पारदर्शक फिल्म. दोन रेघांच्या मधल्या फटीतून उजव्या डोळ्याला पडद्यावरच्या काही उभ्या ओळी दिसतात, डावा डोळा जरा बाजूला असतो म्हणून त्याच फटीतून त्याला शेजारच्या ओळी दिसतात. एकाआड एक ओळीत दोन फोटो भरायचे, एक उजव्याचा, एक डाव्याचा. बस्स, एवढंच. आणि ती फिल्म बघून मी दुकानात एकटीच मोठ्यानं म्हटलं, "अरे, ही तर फणी!"

फणी भिवंडीत कुणाला सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते. लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, एक लांब पोलादी कंगवा असतो, दोन्ही बाजूंनी बंद. मागच्या बीमवर, म्हणजे मोठ्या रुळावर, गुंडाळलेली ताण्याची उभी तार त्याच्या फटीफटीतून ओवून घ्यायची, मगच कापड विणता येतं. माझ्या बाबांनी तीस वर्षं हेच केलं. बारीक आकडा घालून तार ओढायची, पुढची फट, पुढची तार. हजारो तारा, आणि एक जरी चुकली तरी अख्ख्या ताग्यात रेघ उमटते.

माळ्यावर बाबांची एक जुनी फणी होती. मी ती काढली आणि सरळ टॅबसमोर धरली. टॅब भंगारातला होता, टच मेलेला, पडदा मात्र चांगला. पडद्यावर नुसत्या लाटा उठल्या, तेलाच्या तवंगावर उठतात तशा, रंगीत. बाकी काही नाही. बाबा बघत होते. म्हणाले, "फणीला तेल हाय. टॅब पुसून घे आधी." तेवढंच. मला वाटलं होतं, विचारतील तरी, बाई गं, तुझं चाललंय काय!

फणीच्या फटी टॅबच्या ठिपक्यांसाठी, म्हणजे पिक्सेलसाठी, मोठ्या पडत होत्या. मग नाक्याजवळच्या एका छपाईवाल्याकडे गेले. कापडाच्या ताग्यांवर मारायच्या शिक्क्यांसाठी तो फिल्म काढून देतो. माझ्या लॅपटॉपवरच्या रेघा बघून तो बुचकळ्यात पडला. "मॅडम, खाली लकीरें? ये साड़ी का बॉर्डर है क्या?" मी म्हटलं, "भाई, आँख का बॉर्डर है." फिल्म मात्र त्यानं झकास काढून दिली, काळी कुळकुळीत.

फिल्म पडद्याला चिकटवून चालत नाही, मध्ये नेमकं अंतर लागतं. इथे माझा धंदा कामी आला. मोबाईलवर लावायच्या टेम्पर्ड काचांचे तुकडे माझ्याकडे ढिगानं पडलेले. एकावर एक रचत गेले, एक, दोन, तीन. हाताच्या अंतरावरून बघत काचा वाढवायच्या, कमी करायच्या. तीन काचांवर गाडी रुळावर आली. फोटो काढायला स्टीलची पट्टी टेबलाला चिकटवली. मोबाईल तिच्या एका टोकाला ठेवून एक फोटो, मग दोन डोळ्यांत असतं तेवढं अंतर सरकवून दुसरा. दोन फोटोंच्या ओळी एकमेकींत ओवायला नेटवरून एक छोटासा प्रोग्राम उतरवला. मॉडेल म्हणून घरातला कुकर, शिटी पुढे करून.

आणि शिटी बाहेर आली हो! काचेच्या पुढे, हवेत, बोटभर. मी किंचाळले, शेजारीण धावत आली. पण आनंद क्षणभराचा. मान जरा हलवली की कळायचं, पडद्याच्या मधोमध कुकर बाहेर आणि दोन्ही कडांना आत. हँडल तर चक्क भिंतीत घुसलेलं. एका कुकरची दोन मतं!

मी पंधरा दिवस डोकं आपटलं. काचा बदलल्या, फोटो बदलले. शेवटी छपाईवाल्यावर घसरले. "तुमच्या रेघा कडेला वाकड्या आहेत," असं भर दुकानात सुनावलं. तो म्हणाला, "मॅडम, मेरी लकीर सीधी है." मी म्हटलं, "सीधी असती तर मी इथे आले असते का?" नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. पण तेव्हा मला ते कुठलं कळायला!

चूक माझी होती, आणि ती फणीवाल्याच्याच पोरीनं करावी अशी होती. फणीचा नंबर चुकला की माल गेला, हे ऐकतच मी लहानाची मोठी झाले. म्हणून मी रेघांचं माप पडद्यावरच्या ठिपक्यांच्या बरोब्बर दुप्पट धरलं होतं. एक रेघ, दोन ठिपके. केसाइतकाही फरक नको. मनातून तर मला त्याचा अभिमान होता.

बाबांनी एका दुपारी जेवणानंतर टॅब पुढ्यात ओढला आणि विचारलं, "ही फणी किती पन्न्याची?" पन्ना म्हणजे रुंदी. मी म्हटलं, "पडद्याएवढी. अगदी तेवढीच."

"आणि बघणारा कुठे बसतो?"

"समोर. हातभर लांब."

ते उठले, दोऱ्याचं रीळ आणलं. पडद्याच्या डाव्या कडेला एक दोरा चिकटवला, उजव्या कडेला एक, आणि दोन्ही टोकं माझ्या नाकापाशी आणून धरली. "आता बघ. बीमवर तार जेवढी पसरलेली असते, तेवढी फणीत असते का? न्हाय. फणीत जेवढी, तेवढी कापडात असते का? न्हाय. कामगाराकडे येता येता तार आकसत येते. तुझा पडदा म्हणजे बीम. फणी त्याच्या पुढे हाय, नजरेच्या जवळ. मग ती पडद्याएवढी कशी चालंल?"

मी त्या दोऱ्यांकडे बघतच राहिले. दोरे जिथे फिल्ममधून जात होते तिथे ते खरंच आत आलेले होते, अगदी थोडे. कडेच्या रेघा आपल्या ठिपक्यांच्या वाटेतून सरकल्या होत्या ते याच्यामुळे. काखेत कळसा आणि मी गावभर वळसा घालत बसले होते. "बाबा, हे आधी का नाही सांगितलंत?" ते म्हणाले, "तू म्हणाली ना, यात पडू नका."

सगळ्या रुंदीत मिळून जेमतेम अर्धा मिलिमीटर आकसायचं होतं. छपाईवाल्याकडे गेले ते गरमागरम भजी घेऊनच. माफी मागायची मला सवय नाही, भजी पुढे केली. त्यानं एक उचललं आणि म्हणाला, "मैंने बोला था ना, लकीर सीधी है." मी निमूट ऐकून घेतलं. नवी फिल्म लावली आणि अख्खा कुकर, हँडलसकट, बाहेर आला. नवरा गोदामातली शिफ्ट संपवून आला, त्यानं आधी पुढून बघितलं, मग टॅबच्या मागे जाऊन बघितलं, मग म्हणाला, "हे भंगारातून केलंस?" माझी छाती अशी फुगली म्हणता!

पण हे सगळं ज्याच्यासाठी, ते अजून व्हायचं होतं. लेकीला बोलावलं. डॉक्टरीणबाईंना मी विचारून घेतलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, औषध म्हणजे पट्टीच, हा फक्त खेळ; रोज थोडा वेळ बघू दे, दोन्ही डोळे एकत्र वापरतेय का त्याचा तुम्हाला अंदाज येईल. मी तिला समोर बसवलं आणि विचारलं, "दिसतंय का? बाहेर आलं का?"

"हो," ती म्हणाली.

"किती बाहेर?"

तिनं दोन बोटांनी दाखवलं, एवढं.

मी तिला उचलून गरागरा फिरवलं. दुसऱ्या दिवशी दुकानात पेढे वाटले. पुढच्या रविवारी गावी गेलो, तिथं सगळ्या भावकीला सांगून झालं. रोज संध्याकाळी पट्टी निघाली की दहा मिनिटं टॅब. "बाहेर आलं?" "हो." "किती?" "एवढं." कधी बोटभर, कधी दोन बोटं. मी वहीत लिहून ठेवायला लागले. डॉक्टरीणबाईंच्या पुस्तकातले गोल मात्र अजून सपाटच होते. मी म्हटलं, त्या पुस्तकातच काहीतरी खोट असेल. आपला तो बाब्या!

एक दिवस घाईत माझ्याकडून चुकीचं चित्र लागलं. दोन फोटो ओवायच्या ऐवजी एकच फोटो दोन्ही डोळ्यांना. म्हणजे कॅलेंडरवरच्या चित्रासारखं सपाट. ते माझ्या लक्षात येईपर्यंत माझ्या तोंडून नेहमीचा प्रश्न निघून गेला होता. आणि पोरगी म्हणाली, "हो आई, आज तर खूप बाहेर आलंय." तीन बोटं दाखवली.

आधी वाटलं, हिला भ्रम होतोय. मग कळलं. ती मला काय हवं ते सांगत होती. पहिल्या दिवसापासून. ते पेढे, ती वही, सगळं खोटं होतं. डोक्यात सणक गेली. मी तोंड उघडलं, आणि कोपऱ्यातून बाबांचा आवाज आला, "गे बाय, जरा चहा टाक." चहासाठी नव्हे, माझं तोंड थांबवायला. तो आवाज मी ओळखते. मी स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले.

बाबा मागोमाग आले. हळू बोलले. "तिला दिसत न्हाय म्हणून ती खोटं बोलली न्हाय. न्हाय म्हटलं की तू ओरडशील, म्हणून बोलली."

"मी ओरडते ते तिच्यासाठीच ना?"

"हां. पण ऐकू तिलाच येतं."

मी रडले. अगदी हमसून रडले, नळ सोडून, म्हणजे बाहेर ऐकू जाऊ नये. मला माझा राग आवडायचा खरं तर. मला वाटायचं त्याच्यावर माझं घर चालतं. आणि माझी साडेसहा वर्षांची पोर त्या रागाला पेढे खाऊ घालत बसली होती.

बाबा म्हणाले, "तिला सांगू नको, तुला कळलं म्हणून. आणि आता इचारू पण नको." मी कबूल केलं. माझ्या आयुष्यातली सगळ्यात अवघड कबुली ती.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली तेव्हा मी तिच्या जागेवर बसले. ती कशी बसते हे मी इतके दिवस धड बघितलंच नव्हतं. मी मागे उभी राहून हातभर लांबून बघायची. ती मात्र हनुवटी टॅबच्या स्टुलाला टेकून, काचेपासून वीतभरावर. मी तशी टेकले. सगळा चुथडा! दोन कुकर, चार शिट्या, काहीच जुळेना. त्या जागेवरून माझ्या धडधाकट डोळ्यांनासुद्धा काही बाहेर आलेलं दिसत नव्हतं, तर तिच्या डोळ्याला कुठून दिसणार? मी पडदा माझ्या हाताच्या आणि माझ्या डोळ्यांच्या मापानं बांधला होता.

रविवारी वेणी घालताना मी गंमत म्हणून तिच्या डोळ्यांपुढे दोरा धरला आणि दोन बुबुळांमधलं अंतर मोजून घेतलं. माझ्यापेक्षा चांगलं अर्धं बोट कमी. ती म्हणाली, "आई, टोपी शिवतेस का?" मी म्हटलं, "हो." खोटं बोलायची पाळी आता माझी होती. वीतभर अंतर आणि ते छोटं माप धरून सगळं पुन्हा मांडलं. तीन काचांची एक झाली. फिल्म आणखी केसभर आकसली, छपाईवाल्यानं यावेळी भजीशिवाय काढून दिली. फोटोही तिच्या डोळ्यांच्या अंतरानं पुन्हा काढले. टॅब पुन्हा त्याच स्टुलावर ठेवला, तिच्या हनुवटीच्या उंचीला, आणि तिला सांगितलं, "वाटलं तर बघ, नाहीतर राहू दे."

तिनं माझ्याकडे संशयानं बघितलं. तिला वाटलं असेल, आईला ताप आलाय.

न विचारणं काय असतं ते माझं मला माहीत. ती टॅबपुढे बसली की माझ्या जिभेला खाज सुटायची. मी उठून भांडी घासायला जायची. त्या दिवसांत आमच्याकडची भांडी फार चकचकीत होती. वही फाडून टाकली. चित्रं बाबा बदलायचे, एक दिवस कात्री, एक दिवस पोपटी मिरच्यांचा ढीग. तेही काही विचारायचे नाहीत.

पट्टीचं कामही त्यांनीच हातात घेतलं. पट्टी लावली की माळ्यावरची ती जुनी फणी दोन विटांवर उभी करायचे, पोरीच्या हातात आकडा द्यायचे. "ही तार, ही फट. घाल." उजवा डोळा बंद, म्हणजे आळशी डोळ्यानंच फट शोधायची. सुरुवातीला दहा तारांत ती वैतागायची. बाबा कधी शाबास म्हणायचे नाहीत, कधी चूकही म्हणायचे नाहीत. चुकली की म्हणायचे, "ही तार कुठे चालली?" ती बघायची आणि स्वतःच काढून पुन्हा घालायची. महिन्याभरात ती बोलता बोलता ओवायला लागली. पट्टी ओढायची ती विसरूनच गेली. त्या दोघांच्या गप्पा ऐकत मी ओट्याशी उभी राहायची आणि तोंडाला कुलूप घालायची.

पुढे डॉक्टरीणबाईंनी ते जाड पुस्तक उघडलं तेव्हा तिनं दोन चौकटींतले वर आलेले गोल बरोबर सांगितले. सगळ्या चौकटींतले नाहीत, दोनच. बाई म्हणाल्या, वाट लांब आहे, पण डोळा कामाला लागलाय. मला ते त्याच्या आधीच्या रविवारी कळलं होतं.

त्या दिवशी नवरा खाडीवरच्या चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, घेऊन आला होता. त्यातली एक चांगली हाताएवढी, नांगी उगारलेली. मी म्हटलं, हिचा फोटो झालाच पाहिजे. पण हलली तर दोन फोटो जुळायचे नाहीत, म्हणून तिला आधी फ्रीजरमध्ये ठेवून गार केली. सुन्न झाल्यावर टेबलावरच्या स्टीलच्या पट्टीसमोर मांडली, नांगी सरळ मोबाईलकडे. दोन फोटो काढले, तिला कालवणाच्या टोपात धाडलं आणि चित्र टॅबवर लावून ठेवलं. पोरगी मागल्या दारी आजाबरोबर तारा ओवत होती, तिनं यातलं काही बघितलं नव्हतं.

ओवणं संपलं, पट्टी निघाली. ती चष्मा लावून दोऱ्याचं रीळ ठेवायला आत आली. ते रोज स्टुलावरच ठेवायची सवय. रीळ ठेवायला वाकली, चेहरा टॅबपासून वीतभरावर आला, हात पुढे गेला आणि "ई!" करून तिनं हात असा काही मागे ओढला की रीळ उडालं आणि पलंगाखाली गेलं. "चावेल ना!" ती ओरडली. टॅबवर ओरडली.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, दोन्ही हात वाटणानं माखलेले. मी काही बोलले नाही. बाबा तिच्या मागे उंबऱ्यावर थांबले होते, तेही बोलले नाहीत. ती जागच्या जागी उभी राहिली. मग तिनं हात पुन्हा पुढे नेला, हळूहळू, आणि काचेच्या अलीकडे, जिथे नुसती हवा होती, तिथे बरोबर नांगीच्या टोकाला बोट लावलं. बोट बाजूला घेतलं. पुन्हा लावलं.

मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. ओरडा बसायच्या आधी करते तसा चेहरा झाला होता तिचा. मला डोळे पुसायचे होते आणि हाताला मिरची होती, त्यामुळे मी तशीच वाहत उभी. तिला काय वाटलं कोण जाणे. ती जवळ आली आणि माझा गाऊन धरून, बाबांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "आई, ह्या वेळी खरंच."